पाळीच्या पायथ्याशी पाणी झिरपून राह्यलं, कोणाले माहिती असन तं सांगा

काळ्या_मातीतला
९ जुलै, रात्री ९:४०

राम राम मंडळी. आमचं गाव यवतमाळ-वाशिमच्या शिवेवर, गावाच्या वर अर्ध्या कोसावर मातीचा पाझर तलाव हाय अन् पाळीच्या अगदी खाली माझं पाच एकर वावर. यंदा सोयाबीन अन् तूर हाय त्यात. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर हा तलाव झाला, माझी आजी या पाळीवर टोपलं घेऊन होती, बाप तेव्हा झोळीत होता, बाभळीले झोळी बांधून ती माती टाकाले जाये. म्हणजे पाळ आमच्या घरची असल्यासारखीच हाय.

आज डवरणीले गेलतो. धुऱ्यापाशी बैल थांबला तं थांबलाच, पाहतो तं त्याचा पाय गुडघ्याएवढा खाली गेला. दोन दिवस झाले पाऊस नाही, बाकी वावर मस्त वाफशावर हाय, अन् पाळीच्या पायथ्याशी तेवढाच २० पावलं लांब पट्टा गचगच ओला. बोटानं उकरलं तं खालून पाणी वर येते, थंडगार. तिथं गवतही बाकीच्यापेक्षा गर्द हिरवं हाय, म्हणजे हे आजचं नसन, माझंच ध्यान गेलं नसन. मधात एका ठिकाणी बोटाएवढी धार हाय अन् ती माझ्या वावरातून नाल्याले जाऊन राह्यली.

तलाव आत्ता अर्ध्याच्या थोडा वर भरला हाय. पूर्ण भरला तं काय होईन याचा इचार करून झोप येऊन नाही राह्यली. खाली नाल्याच्या काठानं तांडा हाय, १४ घरं. घरी सांगतलं तं बाबा म्हणतात दरवर्षी थोडंफार झिरपतेच. खरंच दरवर्षीचं हाय का, का भ्यायची गोष्ट हाय? जाणकारांनी सांगा.


वाशिमकर_सध्या_पुणे
९ जुलै, रात्री १०:०५

दादा ताबडतोब व्हिडिओ काढा आणि सगळीकडे टाका. तिवरे विसरलात का? २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं ते मातीचं धरण फुटलं, खालची घरं माणसांसकट वाहून गेली, आणि गावकरी आधीपासून गळतीच्या तक्रारी करत होते. नंतर खेकड्यांनी धरण पोखरलं असं सांगण्यात आलं. तुम्ही थांबू नका.


जुना_ओव्हरशिअर
९ जुलै, रात्री ११:१५

मी ३१ वर्षं लहान तलावांच्या कामावर होतो, अमरावती-यवतमाळ पट्ट्यात बरेच पाझर तलाव हातखालून गेले. आता रिटायर्ड आहे. भाऊ, आधी एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे झोप लागेल.

मातीची पाळ थोडी पाझरतेच, एकही पाळ कोरडी ठणठणीत नसते. त्यात तुमचा पाझर तलाव, म्हणजे जमिनीत पाणी मुरावं म्हणूनच बांधलेला, त्याची पायाची चर मुद्दाम खडकापर्यंत नेत नाहीत, पाणी खालून निघून विहिरींना मिळावं म्हणून. त्यामुळे पायथा ओला आहे एवढ्यावरून पाळ फुटणार असं म्हणता येत नाही. बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

पण पाणी येतं का यापेक्षा ते सोबत माती आणतं का हे पाहा. नितळ पाणी येत असेल तर पाळ नुसती घाम गाळते आहे. गढूळ येत असेल तर पाळीच्या पोटातली माती बाहेर येते आहे, आतमध्ये उंदराच्या बिळासारखी पोकळी होत होत पाण्याच्या बाजूला सरकते, आणि ती ज्या दिवशी पाण्याला जाऊन भिडली त्या दिवशी तासा-दोन तासात खेळ संपतो. आम्ही याला पायपिंग म्हणतो.

उद्या सकाळी काचेच्या बाटलीत त्या धारेचं पाणी भरा, हलवू नका, रात्रभर खिडकीत ठेवा आणि परवा तळाशी गाळ बसला का ते पाहा. दुसरं, रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा असेल तर धारेखाली छोटा खड्डा करून डबा लावा आणि भरायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर मोजा. पाण्याची पातळी कुठवर आहे तेही लिहा, पिचिंगच्या (पाळीच्या पाण्याकडच्या उतारावर रचलेल्या) दगडावर चुन्याची खूण करा. रोज एकाच वेळी. नुसतं "जास्त येऊन राहिलं" असं सांगितलं तर कोणी ऐकत नाही, डबा किती वेळात भरला ते सांगितलं तर ऐकावं लागतं.

आणि हे सांगा: पाळीची उंची किती, ओल नेमकी कुठे आहे, मधात की कडेला, आणि पाळीतून कोणी पाइप टाकलाय का.


झाडीपट्टीवाला
१० जुलै, सकाळी ६:५०

मी साकोलीकडचा जी. आमच्याकडे मालगुजारी तलाव, कोहळी लोकायनं बांधलेले, कित्येक तं दोन-अडीचशे वर्षांचे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो आहेत. पूर्वी मालगुजार म्हणजे गावचे जमीनदार असताना पाळीची डागडुजी गावच करे, १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवर माती टाकणारे हात कमी झाले. आमचा आजा उन्हाळ्यात पाळीवर फिरून एक-एक बीळ कुदळीनं उकरून माती ठासून भरे, वरून नुसतं बुजवलं तं तो रागवे, म्हणे वरून बुजवलेलं बीळ आत जिवंतच राहते.

तुमच्या पाळीवर झाडं आहेत का ते पाहा. गवत चांगलं, ते माती धरून ठेवते. पण मोठं झाड नको, वाऱ्यानं हाललं की मूळ माती ढिली करते, आणि झाड वाळलं तं मूळ आतल्या आत कुजून नळी तयार होते. आमच्या शेजारच्या गावात पाळीवरची बाभूळ तोडून नेली, बुड तसंच ठेवलं, तीन-चार वर्षांनी बरोबर त्या बुडाखालून पाणी फुटलं. दिवस होता, गावात माणसं होती म्हणून वाचलं.


काळ्या_मातीतला
११ जुलै, सकाळी ८:१०

काका लय उपकार तुमचे. सांगतलं तसं केलं.

बाटलीत तळाले काही नाही, पाणी नितळ हाय. डबा भराले १ मिनिट ५० सेकंद लागले, तीनदा मोजलं, तेवढंच येते. पाळ पोरांनी दोरी टाकून मोजली, सगळ्यात खोल जागी ९ मीटरच्या जवळपास. पाण्याकडच्या बाजूनं येडी बाभूळ माजली हाय, पिचिंगचे दगड बरेच खाली घसरले, काही लोकायनं पायव्याले नेले हे सगळ्या गावाले माहीत हाय.

अन् पाइप हाय. हे लिहाले बरं नाही वाटत, कारण ज्याचा हाय तो आमच्याच भावकीतला. दोन वर्षांखाली उन्हाळ्यात जेसीबी लावून पाळ आडवी खोदली, चार इंची पाइप टाकला अन् माती लोटून दिली, पाळीच्या खालच्या आंगानं मोटर हाय त्याची. ओल हाय ती बरोबर त्या पाइपाच्या दोन्ही बाजूनं. मी आजवर हे दोन्ही जोडून पाह्यलंच नव्हतं.


जुना_ओव्हरशिअर
११ जुलै, दुपारी १:३०

जोडून पाहा, कारण दुखणं तिथंच आहे.

पाळ बांधताना माती सहा-सहा इंचाच्या थरानं टाकतात, पाणी मारून दाबतात, मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा आणि दोन्ही अंगांनी मुरुमाचं आवरण. तुमच्या आजींच्या वेळी रोलर नसेल तिथं धुम्मसानं आणि बैलांच्या पायांनी ती दाबली असेल. जेसीबीनं ती आडवी कापली म्हणजे गाभाच कापला. वरून लोटलेली माती पाइपाच्या वर बसते, पाइपाच्या पोटाखाली जात नाही, तिथं दोन्ही बाजूंनी पोकळी राहते आणि पाण्याला पाळीच्या आरपार आयता रस्ता मिळतो. उन्हाळ्यात काळी माती तडकते, तो रस्ता आणखी रुंद होतो.

आता काय करायचं नाही ते आधी सांगतो. पाइप आत्ता उपसू नका, पाणी आडलेलं असताना तो ओढला तर भोक मोकळं होईल. मागच्या बाजूनं धारेच्या तोंडावर चिकण माती किंवा सिमेंट थापू नका, प्रत्येक गावात हे आधी करतात, पाणी तिथं कोंडलं की आतली माती ओली करून दुसरीकडून फुटतं. पाणी कमी करायला पाळ फोडायचा सल्ला कोणी दिला तर त्याला पाळीवर चढू देऊ नका, कापलेली पाळ कोणाच्या हातात राहत नाही.

करायचं ते असं. ज्याची मोटर आहे त्याला म्हणा व्हॉल्व्ह बंद करून ठेव. ओलीच्या पट्ट्यावर आधी जाड वाळूचा अर्धा-पाऊण फुटाचा थर, त्यावर चुरी, त्यावर गिट्टी, वर दगड. यातून पाणी जातं, माती जात नाही. वाळू आजच आणून जवळ टाका, गढूळ यायला लागल्यावर ट्रॅक्टर त्या वावरात शिरणार नाही. दिवाळीनंतर पाणी उतरलं की पाइप खोदून काढायचा आणि थराथरानं माती दाबून भरायची. त्या माणसाचं पाणी बंद करा असं मी म्हणत नाही, पाइप पाळीच्या वरून नेऊन सायफन करता येतो, तो त्याला समजावून सांगा.

आणि भाऊ, सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जायची वाट, पाहिला का? पाळी फुटतात त्यात मोठा वाटा पाळीवरून पाणी जाऊन फुटणाऱ्यांचा असतो, म्हणजे आधी सांडवा कमी पडतो. मातीच्या पाळीला वरून वाहणारं पाणी सहन होत नाही. गुजरातेतल्या मोरवीचं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ ला असंच गेलं, मधला पक्का भाग उभा राहिला आणि दोन्ही बाजूंची मातीची पाळ वाहून गेली. सांडव्यावर काही बांधलंय का, अडकलंय का, आणि पाळीचा माथा कुठे खचलाय का, हे मोजून सांगा.


वाशिमकर_सध्या_पुणे
११ जुलै, दुपारी २:२०

काका एक प्रश्न. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे ना, त्यात पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे असं वाचलं. मग हा तलाव कोणी तपासत कसं नाही?


जुना_ओव्हरशिअर
११ जुलै, दुपारी ३:००

कायदा चांगला आहे, पण तो १५ मीटरच्या वरच्या धरणांना लागतो, आणि १० ते १५ मीटरमध्ये काही अटी बसल्या तर. ही पाळ ९ मीटरची. गावोगावचे बहुतेक पाझर तलाव, गावतलाव त्याच्या बाहेरच राहतात. म्हणजे यांची नजर गावानंच ठेवली तर राहते. मला या गोष्टीचा नोकरीत असतानाही त्रास व्हायचा, मोठ्या धरणावर चौकीदार असतो, फोन असतो, रजिस्टर असतं, आणि नऊ मीटर पाळीखालच्या १४ घरांसाठी काहीच नसतं.


काळ्या_मातीतला
१२ जुलै, रात्री ८:३०

आज सांडव्यावर गेलो. मी लहानपणापासून तिथं पोहलो पण आजच्यासारखं कधी पाह्यलं नव्हतं.

सांडव्याची भिंत २० मीटर लांब. तिच्यावर गावानं मागल्या वर्षी, पाऊस कमी होता तेव्हा, विटाची दीड फुटाची भिंत चढवली की पाणी जास्त साठन. त्यावेळेस मीबी इटा वाहल्या, खोटं काहून बोलू. त्या भिंतीवर मासेवाल्यायची बारीक जाळी बांबूले ताणून बांधली हाय, तिच्यात आत्ताच कचरा, बेशरमच्या फांद्या, प्लास्टिक अडकून हाय.

माथा नळीच्या पाणसळीनं मोजला. जिथून बैलगाड्या पाळीवर चढतात तिथं चाकोरी पडून पाळ बसली हाय. जुन्या सांडव्यापासून ती जागा अडीच फूट वर. म्हणजे भिंत चढवल्यावर फक्त एक फूट उरला.

आज डबा १ मिनिट ४० सेकंदात भरला. पाणी खुणेपासून चार बोटं चढलं.


जुना_ओव्हरशिअर
१२ जुलै, रात्री ९:४५

हे वाचून मी कागद घेऊन बसलो. सांडव्यावरून जाणारं पाणी खोलीच्या दीडपट घातानं वाढतं, त्यामुळे अडीच फुटाचा एक फूट झाला तर वाटतं अर्ध्याच्या जरा खाली आलं, पण प्रत्यक्षात चौथाई होतं. २० मीटर लांबीवर अडीच फुटानं सेकंदाला २२ घनमीटरच्या आसपास पाणी निघून गेलं असतं, आता एका फुटानं साडेपाच. जाळीचा कचरा धरला तर त्याहूनही कमी.

तुमच्या तलावात पाणी किती रानातून येतं?


काळ्या_मातीतला
१२ जुलै, रात्री १०:००

बरड अन् जंगल मिळून २ चौरस किलोमीटर म्हणतात जुने लोक, नकाशावर मोजलं तेवढंच आलं.


जुना_ओव्हरशिअर
१२ जुलै, रात्री १०:२०

१ चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लाख घनमीटर पाणी. तुमच्या २ चौरस किलोमीटरवर तीन तासात १०० मिलिमीटर झाला आणि निम्मंच वाहून आलं, तरी सेकंदाला ९ घनमीटरच्या वर सरासरी. तलाव भरलेला असेल तर तेवढं सगळं सांडव्यातूनच जायला पाहिजे. जुना सांडवा ते आरामात घेईल. भिंत असलेला नाही घेणार, पाणी चाकोरीवरून जाईल. आणि आपल्याकडे आता अतिवृष्टी म्हणजे २४ तासात ६५ मिलिमीटर एवढ्यावर थांबत नाही, हे २०२३ च्या जुलैत यवतमाळ जिल्ह्यानं पाहिलंय.

भिंत आणि जाळी पाणी सांडव्याला लागायच्या आत काढा. वाहत्या पाण्यात उतरून काढता येत नाही, माणूस जातो.


गळ_आणि_जाळं
१३ जुलै, सकाळी ७:१५

मी या गावचा नाही पण मच्छीमार सोसायटीत आहे म्हणून लिहून राहिलो. जाळी काढा म्हणणं सोपं आहे. आम्ही तलावाचा ठेका भरतो, कतला, रोहू, मृगळची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडतो, आणि सांडवा वाहायला लागला की पहिल्याच दिवशी मासळी प्रवाहासोबत वाहून निघून जाते. एका रात्रीत वर्षाची मेहनत नाल्यात. जाळी लावतो ती गरजेनं लावतो.

पण काकांचा हिशोब दोनदा वाचला. आमच्या तलावावर उद्या जाऊन पाहतो. जाळी सांडव्याच्या भिंतीवर न लावता आतल्या बाजूला, वीस-पंचवीस फूट पाण्यात, अर्धगोल अशी खुंट्यांवर लावली तर? लांबी जास्त मिळते, मोठ्या घराची जाळी चालते, आणि जोराचा पाऊस आला तर दोरी सोडून खाली पाडता येते.


जुना_ओव्हरशिअर
१३ जुलै, सकाळी ९:००

बरोबर आहे तुमचं, हेच करावं. रोज कचरा काढायला माणूस ठेवा आणि दोरी कोण सोडणार ते आधीच ठरवा. तुमच्या सोसायटीचं नुकसान मी हलकं धरत नाही.


काळ्या_मातीतला
१४ जुलै, रात्री १०:५०

आज भिंत काढली.

सकाळी पंचायतीच्या ओट्यावर बसलो. आधी कोणी ऐकून नाही राह्यलं, एक जण म्हणे मागल्या वर्षी याच्याच डोक्यानं बांधली अन् आता याच्याच डोक्यानं फोडाची का. मी म्हणलं हो, माझं चुकलं, माझ्याही हातच्या इटा हायत त्या. मंग बाटली अन् डबा समोर ठेवला, चार दिवसाचे आकडे वाचून दाखवले. तांड्यातला नाईक उठला अन् एवढंच म्हणला की आमचे लेकरं खाली झोपतात. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. आमच्या गावचे मासेवाले भोई स्वतःच जाळी काढाले आले, वरचा धागा मी त्यायले वाचून दाखवला होता. सब्बल, घन घेऊन १५-१६ माणसं होतो, चार तासात भिंत साफ. इटा चाकोरीच्या जागी नेल्या, मुरमाची पोती भरून त्या खोलगट जागेवर दोन थर लावले.

पाइपावाल्या भावानं व्हॉल्व्ह बंद केला. दोन दिवस बोलला नाही माझ्यासंग, आज वाळूची ट्रॉली त्यानंच आणली.


शेणामातीचं_घर
१५ जुलै, सकाळी ११:२५

भाऊ, मी पुसदकडची, ग्रामपंचायत सदस्य आहे. तुम्ही पाळीचं चांगलं केलं पण तांड्याचं लिहिलं नाही म्हणून विचारते. रात्री दोन वाजता पाणी गढूळ झालं तर त्या १४ घरांना कोण उठवणार? पाऊस आला की आधी लाइट जाते, मग टॉवर बंद पडतो, व्हाट्सॲप ग्रुपचा तेव्हा काही उपयोग नाही. २०२३ ला महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यातल्या लोकायले काढायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं होतं, पण ते दिवसाउजेडी, आणि पाळ फुटली तर तेवढा वेळच मिळत नाही.

आमच्याकडे आम्ही असं ठरवलं आहे की मंदिरातला भोंगा बॅटरीवर जोडून ठेवायचा, आणि प्रत्येक घराला एक घर नेमून दिलं आहे, म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार, बाळंतीण असली तर कोण, ढोरांचे दावे कोण सोडणार. ढोर बांधून राहिलं की घरधनी परत फिरतो, आणि परत फिरलेला माणूसच जातो. म्हणून दावे आधी सोडायचे. लोकायनं उंचावर कुठं जमायचं ती जागा एकच ठरवा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ नंबर भिंतीवर लिहून ठेवा.


काळ्या_मातीतला
१५ जुलै, दुपारी १२:४०

ताई, खरंच हे सुटलंच होतं माझं. आज संध्याकाळी तांड्यात जातो. शाळा उंचावर हाय, चावी गुरुजीपाशी राह्यते, एक चावी नाईकापाशी ठेवाले सांगतो.


काळ्या_मातीतला
२२ जुलै, रात्री ११:३५

पाऊस लय हाय. साडेआठपासून एकसारखा. लाइट गेली. सांडवा चालू झाला. पाळीवर चार जण आहोत. रेंज येते-जाते.


काळ्या_मातीतला
२३ जुलै, रात्री १२:५०

धार गढूळ झाली. बॅटरीच्या उजेडात पाह्यलं, चहासारखी. डबा ४० सेकंदात भरला. काका जागे असान तं सांगा.


जुना_ओव्हरशिअर
२३ जुलै, रात्री १२:५६

जागा आहे. आधी तांडा उठवा, आत्ता, पाळीचं नंतर. मग वाळू त्या जागेवर टाका, जिथं उकळी फुटते तिथं जास्त, त्यावर चुरी-गिट्टी. मातीची पोती गोल रचून आळं करा, आत पाणी फूटभर चढू द्या, वरून सांडू द्या. पाण्याकडच्या बाजूला पाइपाच्या समोर भोवरा दिसतो का ते एकानं लांबून पाहा. दिसला तर पाळीवर कोणी थांबायचं नाही, एकानंही नाही.


शेणामातीचं_घर
२३ जुलै, रात्री १:१०

१०७७ ला मी इकडून लावला, लागला, तुमच्या गावाचं नाव आणि नाल्याखालच्या दोन गावांची नावं दिली. तुम्ही फोन वाचवा.


काळ्या_मातीतला
२३ जुलै, सकाळी ९:२०

पाळ उभी हाय. तांड्यातले सगळे शाळेत हायत, एक म्हातारी तिची शेळी घेऊन.

पाऊस तीनच्या आसपास उतरला. भोवरा दिसला नाही. दोन ट्रॉल्या वाळू घमेल्यानं वाहली, गिट्टी संपली तं बायायनं शाळेच्या आवारातले गोटे ओंजळीनं आणून देल्ले. चारपासून धारेचा रंग उतरू लागला, आत्ता पाणी वाळूतून नितळ येते. सांडव्यावर रात्री सगळ्यात जास्त दीड फूट पाणी होतं, दगडावर चिखलाची रेघ हाय, मी टेप लावून मोजली.

घरी येऊन बसलो अन् मंग डोक्यात आलं. त्या दीड फुटाच्या खाली आमची दीड फुटाची भिंत असती तं पाणी तीन फुटावर गेलं असतं. चाकोरीची जागा अडीच फुटावर हाय.


झाडीपट्टीवाला
२३ जुलै, सकाळी १०:०५

वाचून हात कापले जी. आज झोपा आता, पाळीवर दुसऱ्याले बसवा. पाणी उतरताना पण पाहा, पातळी झपाट्यानं खाली गेली तं पाण्याकडची ओली बाजू घसरते कधी-कधी, आमच्याकडे एकदा तसं झालं.


वाशिमकर_सध्या_पुणे
२३ जुलै, सकाळी १०:३०

दादा, मी पहिल्या दिवशी व्हायरल करा म्हणालो होतो. तुम्ही डबा घेऊन बसलात ते बरोबर होतं. शनिवारी गावी येतोय, आमच्या गावचा पण एक तलाव आहे, त्याचा सांडवा मी कधी पाहिलेलाच नाही. पण ऑफिसातून कोणी आलं का तुमच्याकडे?


काळ्या_मातीतला
२४ जुलै, रात्री ८:१५

तहसीलातून माणूस आला, पंचनामा झाला, चांगला बोलला. पण तलाव कोणाचा यावर गाडी अडते. एका ऑफिसात म्हणले आमच्या यादीत नाही, दुसरीकडं म्हणले तो जुना रोजगार हमीचा हाय, तिकडं इचारा. दोन वर्षांखाली सरपंचानं दोन अर्ज दिले होते, पोचपावत्या हायत, उत्तर एकाचंही नाही.


जुना_ओव्हरशिअर
२४ जुलै, रात्री ९:३०

लहान तलावांचं हे जुनं दुखणं आहे, खाती बदलली, योजना बदलल्या, कागद एकाकडे आणि पाळ दुसऱ्याकडे. साधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनाकडे असतात, त्यावरचे ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारणकडे. ग्रामसभेचा ठराव घ्या, त्यात हे डब्याचे आकडे तारीखवार घाला, टेपनं मोजलेली सांडव्याची रेघ घाला, आणि दोघांनाही त्याच दिवशी द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्ह्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. सोबत माहिती अधिकारात एवढंच मागा की या तलावाचं मूळ अंदाजपत्रक आणि हस्तांतरणाचा कागद द्या. ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं. नुसता "दुरुस्ती करा" असा अर्ज फाइलीत पडून राहतो, हस्तांतरणाचा कागद मागितला की फाइल उघडावी लागते.

आणि पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढायची गाडी आली तर पाळीच्या पायथ्याजवळ खोदू देऊ नका. सुपीक गाळ पाहून लोक पाळीपर्यंत खोदत येतात आणि तळाचा चिकण थर उखडून ठेवतात.


काळ्या_मातीतला
११ ऑगस्ट, सकाळी ७:५०

लय दिवस लिहिलं नाही, सोयाबीनवर फवारणी चालू होती.

ठराव झाला, दोन्हीकडं देल्ला. माहिती अधिकाराचं एक उत्तर आलं, त्यात तलाव कोणाकडं हाय ते आता लिहून भेटलं. त्यायचे इंजिनिअर परवा आले, आमची रोजच्या मोजमापाची वही पाह्यली अन् वहीचे फोटो काढून नेले. दिवाळीनंतर पाइप काढून पाळ भरायचं अंदाजपत्रक करतो म्हणले. भावानं सायफनचा पाइप पाह्यला, माझ्यासंगच जाऊन भाव काढला.

वही आता एकट्याची नाही. सोमवार-गुरुवार तांड्यातला नाईकाचा पोरगा मोजते, बाकी दिवस मी अन् भोयाचा पोरगा. तलाव सांडव्याच्या दोन बोटं खाली हाय. आजचा डबा १ मिनिट ३५ सेकंद, बाटली नितळ. काका, भरल्या तलावाले हे बरोबर हाय ना?


जुना_ओव्हरशिअर
११ ऑगस्ट, सकाळी ८:२०

बरोबर आहे. पोळ्याला गाव सगळं बैलांच्या मागं असतं, त्या दिवशी मोजायला कोण जाणार ते आजच ठरवून ठेवा.


काळ्या_मातीतला
११ ऑगस्ट, सकाळी ८:३१

मी जातो.